उजवीकडे सात पावलं

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करते. माझ्यात आत्मविश्वास आहे! तो जन्मापासून नव्हता. गेल्या वर्षीपर्यंत बाईंनी हजेरीत "ओवी परब" म्हटलं की मी "हजर" इतकं हळू म्हणायचे की बाई गैरहजेरी लावायच्या. पहिल्या बाकावर बसून मी चौदा दिवस गैरहजर होते! मग गणपतीत आमच्या बिल्डिंगच्या कार्यक्रमाला निवेदिका आलीच नाही, कोणीतरी माझ्या हातात माइक कोंबला, आणि मी जी सुटले ती आरतीलाच थांबले. तेव्हापासून आत्मविश्वास आलाय, आणि गावच्या पाहुण्यासारखा आलाय. जायचं नावच घेत नाही.

तर शाळेत नोटीस लागली. आंतरशालेय मूकपट स्पर्धा. पाच मिनिटं, विनोदी, तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. बोलायचं असेल ते पाटीवर लिहून कॅमेऱ्यासमोर धरायचं. मी भर वर्गात उभी राहून जाहीर केलं, "पहिलं बक्षीस आपलं. बाकीच्यांनी दुसऱ्या-तिसऱ्यासाठी भांडा!"

"गोष्ट काय आहे?" श्रेयाने विचारलं. श्रेया माझी जिवलग मैत्रीण. तिच्या दादाचा मोबाइल चांगला आहे म्हणून ती आमची कॅमेरामन.

"एक मुलगी, दोन प्रेमवीर. शेवटी मुलीच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, हातात हार द्यायचा. हार ज्याच्या गळ्यात, तो जिंकला!"

"कोण जिंकणार?"

"मी ठरवेन तो. दिग्दर्शिका मी आहे!"

हसू नका. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

नट मला बिल्डिंगमध्येच मिळाले. आमची श्रमसाफल्य बिल्डिंग लालबागला, मार्केटच्या मागे. मधे चौक, चारी बाजूंनी गॅलऱ्या. थिएटर करायला कोणाची परवानगी नको, प्रेक्षक कायम बाल्कनीत बसलेलेच असतात.

हिरॉइन म्हणून दुसऱ्या मजल्यावरची प्रितीताई. परळच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. ती जिना उतरायला लागली की तिन्ही मजल्यांवरची मुलं एकदम आपापली कंबर धरून कण्हायला लागतात.

पहिला प्रेमवीर हितेंद्र. करी रोडच्या टॉवरमधल्या जिममध्ये ट्रेनर आहे. स्वभावाने गरीब, पण आरसा दिसला की थांबतो. आरसा नसला तर स्टीलच्या पिंपात बघतो.

दुसरा प्रेमवीर माझा स्वप्नीलकाका. आणि इथे खरी गोष्ट सुरू होते.

काका लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर दुनियेला वर पोचवतो, स्वतः मात्र तळमजल्यावर अडकलाय. दोन वर्षं झाली, त्याला प्रितीताई आवडते. हे मला कसं कळलं? सोपं आहे. दोन वर्षांत तो तिच्याशी एकूण तीन वाक्यं बोललाय. "पाणी आलं", "पाणी गेलं" आणि "पाणी जपून वापरा". आणि प्रत्येक वेळी बोलून झाल्यावर घरात येऊन पंख्याखाली बसलाय!

यात गडबड अशी झाली की प्रितीताईला बघायला शीवचं एक स्थळ येणार होतं. रविवारी संध्याकाळी पाच वाजता. आणि तिचे बाबा, म्हणजे बाबुराव, शब्दाचे इतके पक्के की एकदा "हो" म्हणाले की साक्षात यमही तारीख बदलून घेऊ शकत नाही. म्हणजे रविवारी पाचच्या आत काकाने विचारलं नाही, तर संपलं. जन्मभर पंख्याखाली.

"काका, विचार ना रे तिला!"

"काय?"

"लग्नाचं!"

काकाला चहाचा ठसका लागला. "मला नाही जमत गं. तिच्यापुढे तोंड उघडलं की पाणीच येतं."

तिथेच माझ्या डोक्यात लाइट पेटला. मूकपट! बोलायचंच नाही! शेवटच्या सीनमध्ये हार पडला की हिरो मागची पाटी उचलून हिरॉइनला दाखवतो. गच्चीवरच्या सरावाला पाटीवर मी "शुभमंगल" लिहिलं होतं. खऱ्या शूटिंगला काकाने स्वतःची पाटी लिहून ठेवायची. प्रितीताई डोळ्यांवरची पट्टी काढणार, समोर काका, हातात पाटी. ती वाचणार. खेळ खल्लास!

"आणि ती नाही म्हणाली तर?" काका घाबरत म्हणाला.

"तर म्हणायचं, शूटिंग होतं!"

काका माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मी नोबेलच आणलंय. रविवारी तीनची वेळ ठरली. प्रितीताई तर खूशच झाली. म्हणाली, "बरं झालं बाई, पाचला साडी नेसायचीच होती. दोन्ही कामं एका साडीत होतील."

आता फक्त शेवट जाहीर करायचा राहिला होता. शनिवारी संध्याकाळी चौकात मी सगळ्यांना सांगितलं, "हार स्वप्नीलकाकाच्या गळ्यात पडणार."

"असां कसां?" तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला. मालनकाकी. हितेंद्रची आई. कंबरेला पदर खोचून ती खाली आली तेव्हा जिन्याच्या पायऱ्या मोजता येत होत्या. "माझो झील रोज बारा अंडी खाता, तो काय हरूक? सिनेमात सुद्धा हरूचो नाय!"

"गो मालन, माझो झील काय हवा खाता?" इति आमचे धोंडूआजोबा. आजोबा गिरणीत छत्तीस वर्षं होते. भोंगा बंद झाला, पण त्यांचा आवाज अजून तीन पाळ्यांत चालतो.

"काकी, आजोबा, सिनेमा आहे हा," मी म्हटलं.

"म्हणानच सांगतंय! उद्या गावात लोक बघतले. मालनचो झील हरलो म्हणतले!"

श्रेया मधे पडली. "मतदान घ्या ना. गुप्त मतदान. बाबासाहेबांनी हक्क कशाला दिलाय?"

कल्पना उत्तम होती, पण काकीने हरकत घेतली, कारण बिल्डिंगमध्ये परबांचीच घरं जास्त. तासभर भांडण चाललं. काकी म्हणाली हितेंद्रला घेऊन जाते, आजोबा म्हणाले मग स्वप्नीलही नाही. माझा अख्खा मूकपट नटांशिवायच मूक व्हायची वेळ आली! शेवटी आजोबांनी हात वर केला.

"देवाक इचारूया. कौल लावा!"

कौल म्हटल्यावर आमच्याकडे कोणी बोलत नाही. गावच्या देवाच्या अंगावर गुरव उजव्या-डाव्या बाजूला पाकळी चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि जी पाकळी आधी पडते तो देवाचा निर्णय. आमच्या घरात जमिनीपासून बारशाच्या नावापर्यंत सगळं असंच ठरलंय. लगेच गावी व्हिडिओ कॉल लागला. मोबाइलमध्ये गुरवांचं अर्धं कपाळ दिसायला लागलं.

"देवा म्हाराजा!" गुरव ओरडले. "तुझी लेकरां मुंबैत सिनेमा काढतत! उजवी पाकळी स्वप्नीलची, डावी हितेंद्राची! काय असात ता दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चौकातून आम्ही ओरडलो. श्रेयासुद्धा ओरडली. नंतर म्हणाली, सवयीने गेलं.

एक मिनिट. दोन मिनिटं. नेटवर्क गोल गोल फिरत होतं. मग पाकळी पडली.

"डावी! डावी पडली!" मालनकाकीने उडी मारली.

"खुळी काय तू?" मोबाइलमधून गुरव खेकसले. "आपला डावा म्हणजे देवाचा उजवा! देव आपल्या समोर उभो हा! उजवो कौल! स्वप्नील!"

आजोबांनी मिशीवर हात फिरवला. काकीने देवाशी वाद नको म्हणून हात जोडले. मी टाळ्या वाजवल्या. समोर उभ्या असलेल्याचा उजवा हात आपल्या डावीकडे असतो, हे बालवाडीतलं ज्ञान देवाने मला आदल्याच दिवशी, गुरवांच्या तोंडून, व्हिडिओ कॉलवर दिलं होतं. आणि मी टाळ्या वाजवत होते!

रविवार. तीन वाजता चौक हाऊसफुल. लोकांनी गॅलरीत पाट टाकले होते, एका घरातून भजीसुद्धा आली. चौकाच्या मधोमध प्रितीताई, पैठणी नेसून, हातात झेंडूचा हार. मी तिच्यासमोर खुर्चीवर, डोक्यावर उलटी टोपी. माझ्या शेजारी श्रेया, हातात मोबाइल. प्रितीताईच्या मागे नळाची टाकी, आणि टाकीला टेकवून काकाने ठेवलेली पाटी, अक्षरं भिंतीकडे. काय लिहिलंय ते त्याने मलाही सांगितलं नव्हतं. घामाने त्याचा शर्ट मात्र सगळं सांगत होता.

काकाला मी उजवीकडे उभं केलं. हितेंद्रला डावीकडे. दोघेही ताईपासून सात पावलांवर. प्रितीताईच्या डोळ्यांवर मी माझी ओढणी बांधली, आणि सुटू नये म्हणून गाइडच्या तासाला शिकवलेली गाठ मारली. तिच्या कानात म्हटलं, "ताई, उजवीकडे सात पावलं."

"उजवीकडे ना? नक्की?"

"अगं, देवाने सांगितलंय!"

खुर्चीवर येऊन बसले आणि मी हात खाली केला. प्रितीताई वळली. उजवीकडेच वळली बिचारी. स्वतःच्या उजवीकडे! एक, दोन, तीन... ती काकाकडे पाठ करून हितेंद्रच्या दिशेने ठुमकत निघाली.

मला "कट" म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं! पण वर्षभर कमावलेला आत्मविश्वास त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे. तोंडातून आवाज आला तो हजेरीच्या वेळचा.

सहा. सात. हार हितेंद्रच्या गळ्यात!

"देवान कौल फिरवल्यान!" मालनकाकीची किंकाळी पार गच्चीपर्यंत गेली. "माझो वाघ!"

हितेंद्रला काय झालं ते कळायला दोन सेकंद लागले. मग त्याने दोन्ही दंड फुगवले, टाकीकडे धावला, काकाची पाटी उचलली आणि डोक्यावर धरून चारी गॅलऱ्यांना फिरवून फिरवून दाखवायला लागला. त्याला काय, आत "शुभमंगल" आहे असंच वाटत होतं. अक्षरं लोकांकडे, कोरी बाजू त्याच्याकडे.

पाटीवर लिहिलं होतं, "हे शूटिंग नाही. मी खरंच विचारतोय. माझ्याशी लग्न करशील?"

खाली नाव नाही. नाव कशाला लिहील तो? तोच धरून उभा राहणार होता ना!

भजी खाणाऱ्याचं भजं तोंडाजवळ थांबलं. आणि हितेंद्र पाटी हलवत हसतोय, जाहिरातीतल्यासारखा!

बाबुराव दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरले. हळूहळू. एकेक पायरी.

"हितेंद्र," ते म्हणाले, "हे खरं आहे?"

"एकदम खरं, काका! अजिबात नाटकी वाटलं नाही ना?"

"कधीपासून चाललंय?"

"पंधरा दिवस झाले. रोज संध्याकाळी गच्चीवर."

"गच्चीवर!" बाबुरावांनी नळाचा आधार घेतला. "आणि माझ्या मुलीला... हे मान्य होतं?"

"मग! तीच तर शिकवायची. मला आधी नीट जमत नव्हतं. ती म्हणाली, लाजू नको, मान जरा खाली घे."

वरच्या मजल्यावर कोणीतरी "अगं बाई!" म्हणून आत निघून गेलं आणि लगेच परत आलं, म्हणजे पुढचं चुकायला नको.

"काय चाललंय?" ओढणीआडून प्रितीताई ओरडत होती. ती गाठीशी झटत होती, पण गाइडच्या तासाला आम्हाला गाठ मारायला शिकवली होती, सोडवायचा तास पुढच्या सत्रात आहे. "कोणी सांगेल का मला?"

"लाजलां गो चेडू!" मालनकाकीने तिला मिठी मारली. "माका सांगल्यानसुद्धा नाय माझ्या झिलान! बाबूभावजी, आता व्हायचा ता झाला. आपण व्याही झालो!"

बाबुरावांनी क्षणभर आकाशाकडे बघितलं. मग शब्दाला पक्का माणूस जे करतो ते केलं. खिशातून मोबाइल काढला. "हॅलो, शीवला ना? नमस्कार. आज येऊ नका. मुलीचं जमलं... नाही, आत्ताच... नाही हो, लांब कुठे, बिल्डिंगमध्येच!"

संपलं! मी धावत मधे गेले. "बाबुरावकाका, ऐका, ती पाटी हितेंद्रची—"

माझ्या तोंडात भसकन मूठभर साखर गेली. मालनकाकी साखरेचा डबा घेऊन सुटली होती! "तोंड गोड कर, तुझ्यामुळेच जमला!"

मी गिळून पुन्हा तोंड उघडलं. "काकी, ती पाटी—" दुसरी मूठ! साखर कोरडी, गिळताच येईना. मी हातवारे करायला लागले. पाटीकडे बोट, काकाकडे बोट, हृदयावर हात, मानेवर आडवा हात. लोक कौतुकाने बघत होते. "ओवीपण काय छान काम करते!"

मी काकाकडे वळले आणि त्याला मागून ढकललं. हाच तो क्षण! काका चार पावलं पुढे धडपडला, चौकाच्या मधोमध आला. त्याचे कान लाल झाले होते. त्याने तोंड उघडलं, आणि अर्थातच काकीने संधी साधली. तोंडभर साखर! पण काका थांबला नाही. आयुष्यात पहिल्यांदा बोलायचं ठरवलेला माणूस साखरेने थांबतोय होय? साखर उडवत तो जिवाच्या आकांताने ओरडला,

"फाती माझी! फाती माझीऽऽ!"

"पार्टी?" गॅलरीतून कोणीतरी ओरडलं. "ए, स्वप्नील पार्टी देतोय!"

"हरलेला असून पार्टी देतोय! दिल बघ यार त्याचा!"

"स्वप्नील, बिर्याणी सांग रे!"

टाळ्या. शिट्ट्या. हितेंद्रने धावत येऊन काकाला उचललं आणि एक गिरकी घेतली. "भाई है तू माझा!" काका हवेत. हवेतून त्याने माझ्याकडे असं बघितलं, की तेव्हा मला माझी उलटी टोपी घशात घालून घ्यावीशी वाटली. विनोद माझा होता, पण जीव त्याचा जात होता.

हितेंद्रने त्याला खाली ठेवलं ते नेमकं प्रितीताईच्या मागे. ती अजून आंधळी, ओढणीशी झगडत उभी. काका तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने काहीच न बोलता खिशातून बारीक पक्कड काढली आणि गाठीत घातली. दोनदा हलवली. माझ्या सर्टिफिकेटवाल्या गाठीने तीन सेकंदात मान टाकली. ओढणी खाली पडली.

प्रितीताईने डोळे चोळले. समोर हितेंद्र, गळ्यात हार, हातात पाटी. तिने पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग विचारलं, "हे तू लिहिलंस?"

"काय लिहिलंय?" हितेंद्रने पाटी पहिल्यांदाच उलटी केली. वाचली. फुगवलेले दंड टायरमधली हवा जावी तसे खाली आले. "लग्न? आईशप्पथ, मी नाही! मला कसं जमेल, माझं अजून कटिंग चाललंय!"

"मगे चाय पिऊन सांग," आजोबा म्हणाले. "कसली घाई हा?"

"चहाचं नाही आजोबा, बॉडीचं! चरबी उतरवतोय! मे महिन्यापर्यंत गोड बंद आहे माझं!"

मालनकाकीने साखरेच्या डब्याचं झाकण लावलं. तो टाप्प आवाज अख्ख्या चौकात ऐकू आला.

"मग लिहिलं कोणी?" बाबुराव कडाडले. "मी शीवला 'येऊ नका' म्हणून कळवलंय! माझ्या शब्दाचं काय? ह्या पाटीला कोणी धनी आहे की नाही?"

मी बोलणार होते, देवाशप्पथ, पण अर्धी साखर अजून घशात होती. तेवढ्यात प्रितीताईने ती पाटी हितेंद्रच्या हातातून घेतली आणि अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हा 'ल' बघा, बाबा. दोन लाडू चिकटवल्यासारखा. आमच्या हॉस्पिटलच्या लिफ्टवर महिन्यातून दोनदा असाच 'ल' लागतो. 'लिफ्ट बंद आहे.'" ती मागे वळली. "आणि मला नेहमी प्रश्न पडायचा, चार लिफ्ट आहेत, त्यातली माझ्याच डिपार्टमेंटची कशी काय महिन्यातून दोनदा तपासावी लागते?"

चारी गॅलऱ्यांचे डोळे काकावर. काकाने पक्कड पाठीमागे लपवली, जसा काही तोच गुन्हा होता.

"पाटी वाचली मी," प्रितीताई म्हणाली. "पण मी काय लिफ्ट आहे का? तोंडाने विचार."

काकाने साखर गिळली. आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. त्याने तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. मी डोळे घट्ट मिटून घेतले. देवा, काहीही येऊ दे, फक्त पाणी नको!

"प्रिती," काका म्हणाला. आवाज फाटला, आणि शहरातली मराठी कुठल्या कुठे जाऊन थेट घरातली बाहेर आली. "प्रिती... जेवलंस?"

"अरे देवा!" मी आणि श्रेयाने एकदम कपाळाला हात लावला. वर कोणीतरी हताश होऊन भजी खायला सुरुवात केली.

पण प्रितीताई हसली. अशी हसली की पैठणीच्या निऱ्या हलल्या. "नाही ना! सकाळपासून उपाशी आहे. साडी नेसल्यावर खाऊ नको म्हणाली आई. आणि आज सगळ्यांनी मला सजवलं, बांधलं, साखर भरवली, पण हे एकानेही विचारलं नाही." तिने हितेंद्रच्या गळ्यातला हार काढून काकाच्या हातात दिला. "हा धर. गळ्यात कधी घालायचा ते बाबांशी बोलून ठरवू. आधी काहीतरी खायला घाल."

आणि दोघं चौकातून चालायला लागली. काकाच्या एका हातात झेंडूचा हार, दुसऱ्या हातात पक्कड.

"म्हणजे," बाबुराव हिशेब लावत म्हणाले, "शीवला परत फोन करायचा नाही?"

"कशाक?" आजोबा म्हणाले. "तू म्हणालस बिल्डिंगमध्ये जमला. बिल्डिंगमध्येच जमला! शब्द मोडलो खंय?"

बाबुरावांना हे पटलं. दिसलंच तोंडावर, हायसं वाटलेलं.

"म्हणजे कौल खरोच होतो," मालनकाकी हळूच म्हणाली. "देवाक सगळा कळता. ह्या डायरेक्टराक तेवढा डावा-उजवा कळणा नाय!"

असू दे! अपमान झाला तर झाला. पण काय शेवट मिळाला होता मला! दुनियेत कोणाच्या मूकपटाला असा शेवट नसेल. मी धावत श्रेयाकडे गेले. "घेतलंस ना सगळं?"

"अकरा मिनिटं! एक क्षण सोडला नाही!"

आम्ही मोबाइल उघडला. सुरू केला. आणि मी मटकन खाली बसले.

कॅमेरा उलट्या बाजूचा चालू होता. सेल्फीचा. अकरा मिनिटं फक्त श्रेयाचं तोंड! श्रेया बघतेय. श्रेयाचे डोळे मोठे होतायत. श्रेयाचा आ वासलाय. तोंडात साखर जातेय. श्रेया खोकतेय. श्रेया कपाळाला हात लावतेय. श्रेया डोळे पुसतेय. हार नाही, पाटी नाही, काका नाही, प्रितीताई नाही!

परत शूटिंग कोण करणार? हितेंद्र साखर पोटात गेली म्हणून दोन दिवस नुसता धावत होता. काकाला शूटिंगचं नाव काढलं की घाम फुटायचा. मंगळवारी तर व्हिडिओ द्यायचा होता. शेवटी आम्ही सरावाच्या दिवशी घेतलेली भांडणं आणि पाठलाग आधी जोडले, अकरा मिनिटांचं दीड मिनिट केलं, आणि शेवट म्हणून नुसतं श्रेयाचं तोंड ठेवलं.

दादरच्या हॉलमध्ये तो लागला तेव्हा मी खुर्चीत इतकी खाली घसरले होते की मागच्याला वाटलं खुर्ची रिकामी आहे. पण पहिल्या "आ"ला कोणीतरी हसलं. मग सगळे हसले. साखरेला तर लोक खुर्च्या बडवत होते! शेवटी परीक्षक माइक घेऊन उभे राहिले.

"कमाल धाडस आहे! प्रेमाची स्पर्धा प्रेक्षकांना न दाखवता फक्त बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर दाखवायची! दिग्दर्शिका कोण? बाळ, हे कसं सुचलं?"

मी उभी राहिले. आत्मविश्वास धावत परत आला. "सर, ते मी पहिल्यापासून तसंच ठरवलं होतं."

शेजारून श्रेयाने मला चिमटा काढला. अजून वळ आहे.

"पण एक राहिलं," परीक्षक हसत म्हणाले. "शेवटी मुलगी कोणाला मिळते, ते काही तू सांगितलं नाहीस."

मला असा क्षण आयुष्यात परत मिळणार नव्हता! मी हात लांब केला आणि ऐटीत म्हटलं, "सर, दोघंही इथेच आहेत. तिसऱ्या रांगेत बघा!"

चारशे माना वळल्या. तिसऱ्या रांगेत एका टोकाला काका लाल होऊन बसला होता, दुसऱ्या टोकाला प्रितीताई. आणि दोघांच्या बरोब्बर मधे, हाताची घडी घालून बसलेले बाबुराव उठले, आणि त्यांनी टाळ्यांच्या कडकडाटात सगळ्या हॉलला वाकून नमस्कार केला!